दादाला वाचून न दाखवलेली ओळ

कलकत्त्याच्या मराठी मंडळींत माझ्या हातच्या इंग्रजी अर्जांना मान होता. कुणाला बदली रद्द करून हवी असे, कुणाचा घरमालकाशी तंटा असे, कुणाच्या मुलाला शाळेत घालायचं असे. मंडळी रविवारी सकाळी भवानीपूरला आमच्या दोन खोल्यांत येत, चहा घेत, आणि मी मजकूर लिहून देई. मी गार्डन रीचला रेल्वेच्या कचेरीत कारकून होतो आणि बी.ए. होतो. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी मॅट्रिकपर्यंतही पोचलं नव्हतं. ही बढाई वाटत असेल तर वाटू दे, मी ती आयुष्यभर मारत आलो आहे. आज लिहितो आहे ते मात्र त्याच हाताने लिहिलेल्या एका पत्राबद्दल, आणि त्यात मिरवण्यासारखं काही नाही.

माझं बी.ए. दादाच्या ट्रॉम्बोनवर झालं. दादा म्हणजे माझा सख्खा भाऊ, बारा वर्षांनी मोठा. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी चौथी करून, पुढे काही वर्षं गुरं राखून तो पलटणीत गेला. तिथल्या बँडमास्तरने नव्या पोरांना रांगेत उभं करून हात समोर ताणायला लावले आणि ज्याचा हात सगळ्यांत लांब त्याच्या हातात ट्रॉम्बोन दिला. बाकीच्या वाद्यांना भोकं असतात, बटणं असतात. ट्रॉम्बोनला एक लांब नळी असते, ती पुढे सरकवायची, मागे ओढायची. सूर कुठे आहे ते नळीवर कुठेच लिहिलेलं नसतं, ते हाताला आणि कानालाच ठाऊक असावं लागतं. "माझी निवड डोक्यावर न्हाई, कोपरावर झाली," असं दादा म्हणायचा.

पलटणीबरोबर तो कलकत्त्याच्या किल्ल्यात, फोर्ट विल्यमला आला. लढाईच्या वर्षांत कलकत्ता अमेरिकन शिपायांनी भरून गेलं होतं. त्यांतला एक काळा शिपाई, तोही ट्रॉम्बोनवाला, मैदानावर कवायतीचा बँड ऐकत उभा होता. बँड सुटल्यावर तो दादाजवळ येऊन म्हणाला, तुझा सूर चांगला आहे, पण तू त्याला बूट घालून चालवतोस. दादाने हे वाक्य मला इतक्या वेळा सांगितलं की त्या माणसाला मी पाहिलंय असंच मला वाटतं. पुढचं वर्षभर सुटीच्या दुपारी दोघं नदीकाठी चावीचा फोनो घेऊन बसत. जुन्या चालीचं जॅझ दादा तिथे शिकला. त्यात ट्रम्पेट गाण्याची मूळ चाल सांगतो, क्लॅरिनेट तिच्या वरून बागडत जातो, आणि ट्रॉम्बोन खालून एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत दोघांच्या पायांखाली सतरंजी अंथरत जातो. नोटेशनचा, म्हणजे सूर लिहिलेला, कागद कुणासमोर नसतो. प्रत्येकाने दुसऱ्याचं ऐकायचं आणि आपली जागा शोधायची.

देश स्वतंत्र झाला त्या वर्षी मी मॅट्रिक होऊन कलकत्त्याला आलो, तेव्हा दादा पलटणीतून सुटला होता आणि त्याचा स्वतःचा सहा जणांचा बँड होता. बराकपूरच्या क्लबात, गार्डन रीचला रेल्वेवाल्यांच्या नाचाला आणि शनिवारी चौरंगी रस्त्यावरच्या एका हॉटेलात ते वाजवत. दादा मध्ये उभा राहायचा. आता शेवटची फेरी, हे सांगायला तो वाजवता वाजवता ट्रॉम्बोनची नळी छताकडे उचलायचा, आणि सहाच्या सहा जण एका दमात गाणं संपवायचे. तेवढ्या क्षणी, खरं सांगतो, त्याच्यापुढे मला माझी पुस्तकं फिकी वाटत.

पण फक्त तेवढ्याच क्षणी. एरवी मला त्याच्या धंद्याचा संकोच होता. आमच्या लोकांना बँड म्हटला की वरातीचा बँडच दिसे. गणपतीत एका बँकवाल्या गृहस्थांनी चारचौघांत विचारलं, "तुमचे बंधू बँडात ना? चिरंजीवांचं लग्न ठरतंय. वरातीला येतील का?"

मी कानकोंडा झालो. दादा शेजारीच प्रसाद खात होता. "येतो की," तो म्हणाला. "पण माझ्या बँडवर नवरा-बायकोनं कंबरंत हात घालून नाचावं लागतं बघा. तुमच्या मंडळींना इचारून सांगा."

गृहस्थांच्या मंडळी पदराआड हसल्या. मी मात्र घरी येईपर्यंत दादाशी बोललो नाही.

घरी वहिनी ट्रॉम्बोनला 'लांबुडं' म्हणत. नळी सरकती राहावी म्हणून दादा तिला खोबरेल तेल लावायचा आणि कलकत्त्याच्या थंडीत ते बाटलीत गोठायचं. मग माघात रोज सकाळी वहिनी ओरडत, "भावजी, गच्चीवर जाताय तर लांबुड्याचं तेल उन्हात ठेवा!" आणि मी कॉलेजचं पुस्तक एका हातात, बाटली दुसऱ्या हातात असा जिना चढे.

बँडातल्या ट्रम्पेटवाल्याची ओळख इथे करून द्यायला हवी. तो गोव्याचा, दादाच्याच वयाचा, दादाला 'पात्रांव' म्हणायचा, म्हणजे मालक, आणि आपण 'रे' म्हणतो तिथे 'मरे' म्हणायचा. पक्का शिकलेला वाजवणारा. त्याची एक खोड होती. नवं गाणं आलं की बाकीचे विड्या ओढत बसलेले असताना तो ते आधी एकट्याने, अथपासून इतिपर्यंत वाजवून घ्यायचा. दादा डोळे मिटून तंबाखू मळत बसलेला असे. मग दादा उठून म्हणे, "हं, चला." मला ती ट्रम्पेटवाल्याची शेखी वाटे. एकदा मी दादाला म्हणालोही, "मालक तू आणि पहिला मान त्याचा?" दादा म्हणाला, "वाजवू दे रं. त्याला बरं वाटतं."

चौरंगीवरच्या हॉटेलात बँडचा पाचवा हिवाळा सरला आणि तिथे नवा मॅनेजर आला. लाहोरहून सगळं सोडून आलेला पंजाबी, बोलायला अदबशीर, कामाला चोख. महिन्या-महिन्याच्या बोलीवर बँड ठेवणं त्याला पसंत नव्हतं. पूर्ण वर्षासाठी एकच बँड घ्यायचा, इच्छुकांनी लेखी अर्ज करावा, असं त्याने कळवलं. दुसरा एक बँडही अर्ज करणार होता. त्यांच्यात प्रत्येकापुढे स्टँड असे आणि स्टँडवर छापील कागद.

दादाचं सगळं त्या एका वर्षावर होतं. क्लॅरिनेटवाल्या अँग्लो-इंडियनाच्या घरी विलायतेला जायच्या गोष्टी चालल्या होत्या. ट्रम्पेटवाल्याला मुंबईच्या सिनेमावाल्यांकडून बोलावणी येत होती. "वरीसभर एका जागी काम मिळालं तर हे सहा जण ऱ्हातील," दादा वहिनींना म्हणाला. "न्हाईतर उन्हाळ्याच्या आत पांगतील. आणि असे सहा मला पुन्हा न्हाई मिळायचे." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "तू लिव बाबा. तुझ्यासारखं कुणाला येतंय?"

तीन रात्री खपून मी ते पत्र लिहिलं. आजही मी ते उभ्या उभ्या म्हणून दाखवीन. पहिल्या परिच्छेदात पलटणीतली नोकरी, दुसऱ्यात क्लब आणि हॉटेलं, तिसऱ्यात वक्तशीरपणा आणि पोशाख. आणि मध्ये एक वाक्य असं, की लष्करी बँडमध्ये तयार झालेल्या या बँडमास्तरला कोणतीही लिखित रचना समोर ठेवताक्षणी वाजवता येते आणि त्याचा बँड छापील नोटेशनबरहुकूम वाजवतो.

यातला उत्तरार्ध खोटा आहे हे मला माहीत होतं. पूर्वार्ध मला खरा वाटत होता. पलटणीत बारा वर्षं समोर कागद ठेवून वाजवलेल्या माणसाला कागद वाचता येत नसेल ही शंकाही मला आली नाही. आणि खोटं का लिहिलं, तर हा बँड ऐकून ऐकून वाजवतो असं इंग्रजीत लिहायला माझा हात धजेना. ऐकून तर आमच्या घराण्यात सगळेच सगळं करत आले होते. लिहिलेलं वाचणारा मी पहिला. जे कागदावर नाही त्याची किंमत कुणी करील यावर माझा विश्वासच नव्हता.

रविवारी जेवणं झाल्यावर दादा चटईवर नळी पुसत बसला होता. त्याला बोललेलं इंग्रजी कळे, थोडं बोलताही येई, पण इंग्रजी पत्र वाचता येत नव्हतं. "काय लिवलंयस ते वाच की," तो म्हणाला. मी एकेक वाक्य मराठीत सांगत गेलो. ती ओळ आली तेव्हा वाटलं, हा म्हणेल, असं कुठं हाय, काढ ते. मग सगळा मजकूर पुन्हा लिहावा लागेल आणि पत्राचा कणाच जाईल. मी ती ओळ सोडून पुढच्या वाक्यावर गेलो.

"झालं?" दादाने विचारलं.

"झालं."

त्याने नळीवरून फडकं पुन्हा एकदा फिरवलं. मग म्हणाला, "चांगलं लिवलंयस. सही कुठं करू?"

काम दादालाच मिळालं. वहिनींनी शिरा केला. ट्रम्पेटवाला घरी येऊन दोनदा मागून घेऊन खाऊन गेला आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "बी.ए., तू आमचा सातवा गडी मरे!" कचेरीत मी पहिल्यांदा उघडपणे सांगितलं की चौरंगीवर बँड आहे तो माझ्या भावाचा. पावसाळा तसाच गेला, पूजेचे दिवस गेले. ते सहा महिने दादाच्या आयुष्यातले सगळ्यांत चांगले होते असं मला वाटतं.

थंडी सुरू होताच मॅनेजरने नाताळासाठी परदेशातून एक गाणारी बाई बोलावली. तिची गाणी तिची तिनेच लिहवून आणलेली, प्रत्येक वाद्याचा वेगळा कागद. तालीम शनिवारी दुपारी तीनला होती. आमची कचेरी शनिवारी अर्धा दिवस असे. मी ठेवणीतला कोट घातला आणि मुद्दाम बघायला गेलो.

नाचाचा हॉल दिवसा निराळाच दिसतो. खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या होत्या आणि फरशीला मेण लावणं चाललं होतं. बाई आली नव्हती. तिचा पियानोवाला आला होता, किडकिडीत, गंभीर मनुष्य. त्याने सहा जणांपुढे कागद मांडले. मी एका खांबाशी उभा राहिलो.

ट्रम्पेटवाल्याने कागदावर नजर टाकली आणि नेहमीप्रमाणे एकट्याने वाजवून घ्यायला ट्रम्पेट ओठांना लावला. पियानोवाल्याने हात वर केला. "आधी कुणी नाही. सगळे एकदम."

"फक्त एकदा," ट्रम्पेटवाला म्हणाला.

"सगळे एकदम."

पहिलं गाणं सुरू झालं. दादाने एक-दोन मात्रा जाऊ दिल्या, आणि मग तो खालून असा काही अलगद शिरला की फरशी पुसणारा माणूस मान वर करून बघू लागला. पियानोवाला थांबला. "इथे ट्रॉम्बोन गप्प आहे. बाई गाणार आहे." दादाने मान हलवली. पुन्हा सुरुवात झाली. या वेळी दादा गप्प राहिला, पण जिथे यायचं तिथे आला नाही.  पियानोवाल्याने दुसरा कागद काढायला सांगितला.

दुसऱ्या गाण्याची सुरुवातच ट्रॉम्बोनची होती. पहिल्या चार ओळी एकट्या ट्रॉम्बोनच्या.

पियानोवाल्याने चार मोजले. दादाची नळी तयार होती, हात तयार होता, छातीत हवा भरलेली मला लांबून दिसत होती. आणि ऐकायला काहीच नव्हतं. हॉलमध्ये एवढी शांतता की मेणाच्या फडक्याचा आवाज येत होता. ट्रम्पेटवाल्याने ओठ न हलवता घशातल्या घशात गुणगुणायला सुरुवात केली. पियानोवाल्याने त्याच्याकडे बघितलं, तो गप्प झाला. पुन्हा चार मोजले. दादाने ट्रॉम्बोन हळूच खाली घेतला.

"तुम्हाला हे वाचता येत नाही का?" पियानोवाल्याने विचारलं. आवाजात टोमणा नव्हता, हे मी कबूल करतो.

"नो सर," दादा म्हणाला.

मॅनेजरला बोलावणं गेलं. तो आला, ऐकून घेतलं, परत गेला आणि माझं पत्र घेऊन आला. लांबूनही मला माझं अक्षर ओळखता आलं. ती ओळ त्याने सगळ्यांसमोर मोठ्याने, सावकाश वाचली. दादाने ती पहिल्यांदा तिथे ऐकली.

"ये किसने लिखा है?" मॅनेजरने विचारलं.

मी खांबाशी उभा होतो. कोटाच्या खिशात ज्या पेनाने ते लिहिलं तेच पेन होतं आणि माझा हात त्याच्यावर होता. मनात आलं, कबूल केलं तर हे कचेरीपर्यंत जाईल. खोटा मजकूर लिहून देणारा कारकून म्हणून शेरा बसेल. एवढा विचार करायला लागतो तेवढाच वेळ गेला असेल.

"मैंने लिखवाया, साहब," दादा म्हणाला. "गलती मेरी है."

मॅनेजरची नजर माझ्यावर आली. "और ये साहब कौन हैं?"

"मेरा भाई है," दादा म्हणाला. आणि एवढं सगळं होऊनही त्याचा आवाज जरा वर गेला. "बी.ए. है. रेलवे में है."

मॅनेजरने मला अदबीने नमस्कार केला. मी नमस्कार केला. 

महिनाअखेरपर्यंत बँड ठेवतो, एवढं त्या माणसाने स्वतःहून सांगितलं, आणि तो शब्द त्याने पाळला. नाताळला तिथे स्टँडवाला बँड वाजला.

परतताना ट्रॅममध्ये दादा ट्रॉम्बोनची पेटी मांडीवर घेऊन बसला होता. भवानीपूर येईपर्यंत तो एकदाच बोलला. "पलटणीत शेजारचा पान उलटायचा, तवा मी उलटायचो. बारा वर्सं. कुणाला कळलं न्हाई." आणि उतरताना म्हणाला, "घरी आज काय बोलू नगस."

फेब्रुवारीत ट्रम्पेटवाला मुंबईला निघाला, तेव्हा त्याला पोचवायला हावडा स्टेशनवर मी एकटाच गेलो. दादा आला नाही. गाडी सुटायला वेळ होता. मी म्हणालो, दादाला नोटेशन येत नाही हे मला ठाऊक असतं तर मी तसं लिहिलं नसतं. त्याने ट्रम्पेटची पेटी खाली ठेवली.

"आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं," तो म्हणाला. "नवं गाणं मी पहिलं एकट्याने वाजवायचो ते कोणाखातीर? मला काय हौस होती? पात्रांव एकदा ऐकायचा, पुरे. माझ्यापेक्षा बरं वाजवायचा." आणि डब्यात चढता चढता वळून म्हणाला, "तू भाऊ मरे. तुका कळ्ळें ना? तुलाच कळलं नाही?"

क्लॅरिनेटवाला पुढच्या वर्षी बायकापोरांसह बोटीने गेला. बाकीचे इकडेतिकडे लागले. वर्षभर दादाने नवे पाच जण जमवून पाहिले, पण कुणी ऐकणारं मिळालं नाही. शेवटी बराकपूरच्या बाजूला एका जूट गिरणीत तो दरवान म्हणून लागला आणि वहिनींना घेऊन तिकडेच राहायला गेला. गिरणीच्या क्लबात क्वचित कुणी आग्रह केला तर एखादा जुना मार्च वाजवायचा, बूट घालून चालणारा. मला पुढे बढती मिळाली. माझ्या अर्जांची कीर्ती वाढतच गेली.

महिन्यातून एका रविवारी मी सियालदाहून लोकलने त्यांच्याकडे जात असे. असाच एक पौषातला रविवार. गिरणीच्या चाळीपुढच्या अंगणात तेलाची बाटली उन्हात ठेवलेली होती आणि दादा तिच्याशेजारी ट्रॉम्बोन सुटा करून बसला होता. मी लोकलमध्ये वाचायला घेतलेलं वर्तमानपत्र चाळत होतो. तो एकाएकी म्हणाला,

"त्या पत्रात एका जागी तू उडी मारली होतीस."

मी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"वाचून दाखवत हुतास तवा. डोळं खाली गेलं आणि आवाज मागं ऱ्हायला. एक मात्रा. मला तिथंच कळलं, हितं कायतरी हाय."

"मग विचारलं का नाहीस?"

त्याने बाटली उलटी करून बघितली. तेल अजून वितळलं नव्हतं. "मला वाटलं, तू लिवलं असशील, भाऊ शिकल्याला न्हाई म्हणून. आणि माझ्या तोंडावर वाचायला तुला लाज वाटली. म्हटलं, लिवलंय ते खरंच हाय. कशाला इचारा?"

"मी उलटं लिहिलं होतं, दादा."

"व्हय की. ऐकलं न्हवं तिथं." तो हसला. "लई मोठं केलं हुतंस मला."

मला वाटलं, आता तो खांबाचं विचारील. तू तिथे उभा होतास, का बोलला नाहीस, असं. त्याचं उत्तर मी कितीतरी वर्षं तयार ठेवलं होतं. मराठीत एक, इंग्रजीत एक. दोन्ही उत्तम होती. त्याने विचारलं नाही. आतून वहिनींनी हाक मारली, "भावजी, पानं घेऊ का?"

"थांब जरा," दादा त्यांना म्हणाला, आणि नळीचं एक टोक माझ्या हातात दिलं. आतून फडकं ओढायचं होतं. "घट्ट धर."

मी धरलं. त्याने फडकं ओढलं, नळीतून उजेडाकडे बघितलं आणि पुन्हा ओढलं. त्या दिवशीही मी काही बोललो नाही.